मागच्या बाकापासून

आमच्या चर्चमध्ये पुढचे बाक कोणाचे आणि मागचे कोणाचे, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. पुढच्या बाकांवरची घरं आमच्या दोन पिढ्या आधी ख्रिस्ती झालेली, बोर्डिंगात शिकलेली. आमची मांगांची घरं मागून आली, म्हणून मागं बसली. खरं तर त्यांच्या पणज्यालाही गावानं कधी वेशीच्या आत घेतलं नव्हतं. पण माणूस एक पायरी वर चढला की आधी खालच्याच्या हातावर पाय देतो. आम्ही कागदावर हिंदू, चर्चमध्ये ख्रिस्ती आणि गावात नुसते मांग.

माझा बाप मात्र चर्चवर खूश होता. तो तरणा असताना गावच्या हॉटेलात त्याची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असायची. चहा प्यायचा, आपली आपण विसळायची, परत खोचायची. एका रविवारी तो सहज चर्चच्या दारात उभा राहिला. आत प्रभुभोजन चाललं होतं, येशूच्या आठवणीत भाकर खायची आणि द्राक्षाचा रस प्यायचा तो विधी. पाळकसाहेब एकच प्याला घेऊन बाकाबाकांवरून फिरत होते आणि सगळे त्यालाच तोंड लावत होते. बापानं पुढच्या नाताळाला बाप्तिस्मा घेतला. मला सांगायचा, "पोरी, देव-बिव मला नंतर कळला. आधी प्याला कळला."

तो प्याला नेहमी पुढून मागं यायचा. आमच्यापर्यंत येईस्तोवर तळाला घोटभर रस राहायचा. बापाला त्याचं काही वाटलं नाही. शेवटी का होईना, प्याला तोच होता.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमचे पाळकसाहेब आजारी होते, म्हणून बाहेरगावचे एक आले. त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. "आज मागून सुरुवात करू," म्हणाले आणि प्याला घेऊन थेट माझ्या बापापुढं आले. बाप उठून उभा राहिला. प्यायला. मग आई, मी, मग आमचे बाक, आणि प्याला पुढं सरकला.

पहिल्या बाकावर गुरुजी होते. रिटायर मास्तर, चर्चच्या पंचांमधले मुख्य. मला बायबलमधल्या गोष्टी त्यांनीच शिकवल्या होत्या. प्याला समोर आला आणि त्यांना खोकला लागला. तोंडावर रुमाल धरून त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्यांच्या शेजारणीलाही खोकला लागला. मग अख्ख्या बाकाला. प्रभुभोजनाच्या वेळी एवढी साथ मी कधी पाहिली नव्हती.

पुढच्या महिन्यात ट्रे आला. ट्रेमध्ये बोटाएवढे काचेचे ग्लास, ज्याचा त्याला वेगळा. गुरुजींनी उठून सांगितलं, "आरोग्याच्या दृष्टीनं." इतकी वर्षं जंतू पुढून मागं येत होते तेव्हा आरोग्याला काही झालं नव्हतं. ते मागून पुढं निघाले आणि मंडळीला विज्ञान आठवलं.

ट्रे बापापुढं आला. त्यानं बघितलं, हात लावला नाही. "ही तर माजीच कपबशी हाय," एवढंच म्हणाला आणि ट्रे पुढं दिला. त्यानंतर तो दर रविवारी चर्चला आला, पण प्रभुभोजन घेतलं नाही.

कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण मी त्या दिवशी ठरवलं, याच चर्चमध्ये माझा बाप प्याल्यातून पिणार आणि त्याच्या मागून गुरुजी पिणार. क्षमेवरची सगळी प्रवचनं मी त्यानंतरही ऐकली. एकही आत जाऊ दिलं नाही.

बी.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या घरात पहिलीच. माजलगावला शाळेत लागले. तोवर पुढच्या बाकांवरची पोरं पुण्याला गेली, बाक रिकामे पडले. मागचे मात्र भरलेले. मंडळीच्या सभेत हात वर झाले आणि मी पंच झाले. गुरुजी म्हणाले, "बरं झालं. फुलांची सजावट-बिजावट बघेल."

बघितली. तीन नाताळ फुलं लावली आणि वाट पाहिली.

तिसऱ्या नाताळाला अंगणात कार्यक्रम होता. सरपंच आलेले, गावातली मोठी माणसं खुर्च्यांवर. गुरुजी माईकवर रंगात आले. "आमच्यात जातपात नाही. आम्ही सगळे एका प्याल्यातून पितो." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

पंचांच्या पुढच्या बैठकीत मी विचारलं, "गुरुजी, प्याला कुठंय?"

"कोणता गं?"

"तुम्ही माईकवर सांगितला तो."

"अगं, ती बोलायची पद्धत असते."

"मी सरपंचांना ईस्टरला बोलावलंय. त्यांना बघायचंय म्हणे."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "आणि आरोग्याचं काय?"

"तुमच्या ओठांनंतर आम्ही इतकी वर्षं प्यायलो. मेलो का?"

नवे पाळकसाहेब तरुण होते. त्यांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. शेवटी गुरुजी म्हणाले, "ठीक आहे. पण पुढून."

"मागून," पाळकसाहेब म्हणाले.

ईस्टरच्या सकाळी मी प्याला चिंचेनं घासला. प्रत्येकजण प्यायला की पाळकसाहेब काठ पुसतात, त्यासाठी एक पांढरा रुमाल असतो. तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

प्याला बापापुढं आला. तो आता काठी टेकतो, तरी काठी सोडून उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी प्याला धरला आणि चांगला लांब घोट घेतला. त्याचा कंठ हलताना मी पाहिला. एवढ्यासाठी मी शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

पंच म्हणून मी पाळकसाहेबांच्या बरोबर चालत होते. मग बाकामागून बाक करत प्याला पहिल्या बाकाशी आला. सरपंच कडेला बसून बघत होते. गुरुजींनी टेबलाकडं पाहिलं.

"रुमाल?" हळूच म्हणाले.

"धुवायला टाकलाय, गुरुजी."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. या वेळी खोकला आला नाही. त्यांनी प्याला घेतला, काठाला ओठ टेकवले न टेकवले आणि परत करायला लागले. पाळकसाहेब हात पुढं करणार तेवढ्यात मी म्हणाले, "आत गेलं नाही अजून."

ते प्यायले. डोळे मिटून, औषध प्यावं तसं. पण प्यायले.

बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "तुजं तोंड बगितलं म्या. प्रभूच्या टेबलापाशी असं तोंड करत्यात व्हय?"

"कावून? तुमाला प्याला मिळाला ना?"

"मिळाला. लई ग्वाड लागला." थोडा वेळ काठीनं माती उकरत राहिला. "रुमाल ठिवून दे आता जागेवर. म्हातारं झालंय ते."

"त्यांना आधी माफी मागू द्या. मग ठेवते."

"आन् न्हाई मागितली तर?"

"तर मागून पुढं, न पुसता."

बाप हसला नाही, रागावलाही नाही. गुरुजी अजून पहिल्या बाकावर बसतात, दर महिन्याला पितात, माझ्याशी बोलत नाहीत. रुमाल माझ्या कपाटात आहे. इस्त्री करून ठेवलाय.