यादीतल्या काकू

लंडनमधल्या एजवेअरच्या लायब्ररीत दर मंगळवारी एक मराठी बाई लोकांना कॉम्प्युटरची मदत करायला बसायच्या. वय सत्तरीचं, कार्डिगनच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. समोरचा पासवर्ड टाइप करू लागला की त्या खुर्चीसकट खिडकीकडे वळायच्या.

मी गेलो, कारण लॅपटॉपवरचं माझं जुनं मेल अ‍ॅप नेहमीचा पासवर्ड घेईना. आपलं माणूस भेटलं म्हणून मी म्हणालो, "काकू, तुम्हीच टाका ना, मी पासवर्ड सांगतो."

त्यांनी दोन्ही कान दाबून धरले.

"आणखी कुणाकुणाला सांगितलायस?"

"आईला, ताईला, फ्लॅटमेटला..."

"आणि व्हिसाचे सगळे पेपर्स त्याच मेलमध्ये! आधी तो पासवर्ड बदल."

मग लॅपटॉपला हातही न लावता त्यांनी मला मेल अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळा अ‍ॅप पासवर्ड तयार करायला लावला. "ही सोळा अक्षरं फक्त या अ‍ॅपला द्यायची. नकोसं झालं की तेवढीच रद्द करायची. मूळ पासवर्ड कुणालाच नाही, जवळच्यांना तर नाहीच. जवळच्यांकडून काही परत मागता येत नाही रे."

त्या पासवर्डला नाव द्यावं लागतं. त्यांचं नाव विचारायला मान वर केली, तर त्या खिडकीकडे वळलेल्या. मी 'काकू' असं लिहिलं.

परवा नवा लॅपटॉप घेतला. अ‍ॅप पासवर्डांच्या यादीतल्या जुन्या 'काकू' लगेच रद्द केल्या. ठेवल्या असत्या तर त्याच रागावल्या असत्या. नव्या पासवर्डला नाव मागितलं, तेव्हा पुन्हा 'काकू'च लिहिलं.