पहिली सुई बरी की दुसरी?

माझ्या हातून आजवर एकाही माणसाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही. आटगावात अजूनही काही मंडळी वेगळं सांगतात, म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं.

माझे सासरे (आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणतो) कसाऱ्याला रेल्वेत नोकरी करून रिटायर झाले आणि आटगावला घर बांधून राहिले. त्यांच्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर होता आणि लोखंडी पेटीभर रेकॉर्डी. तोवर घरोघरी सीडी आल्या होत्या. रेकॉर्डी ऐकणारा माणूस दिसला की लोक त्याच्याकडे बैलगाडीने मुंबईला निघालेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे. अशी दोन माणसं आमच्या कुटुंबात होती. एक मी, शहापूरच्या कचेरीतला कारकून. दुसरे माझे साडू दत्ताराम, मुरबाडला खत-बियाण्यांचं दुकान चालवणारे. (साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, आणि अधिकृत शत्रू.)

एके दिवशी मामांनी जाहीर केलं, "मला आता उठून रेकॉर्ड पलटायचा कंटाला येतो. मशीन नि पेटी एका जावयाला देऊन टाकतो."

"कोणाला?" आम्ही दोघे एकदम.

"ज्याची पिन बरी वाजंल त्याला."

पिन म्हणजे कार्ट्रिज. रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला नखाएवढी डबी असते, तिच्या पोटाला हिऱ्याची सुई. ती सुई रेकॉर्डच्या खाचेतून फिरते आणि गाणं बाहेर काढते. दत्तारामांनी जर्मन कार्ट्रिज मागवली होती, मी जपानी. दोघांनीही आपापल्या बायकोला तो टॉर्चचा सुटा भाग असल्याचं सांगितलं होतं. फोनवर आमचं दुसरं बोलणंच नव्हतं.

"तुमच्या जर्मन सुईचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडी!" मी म्हणायचो.

"आणि तुमच्या जपानी सुईचा म्हणजे गोधडीत तोंड घालून गायलेला!" ते म्हणायचे.

शेवटी रविवारी मामांच्या ओटीवर सामना ठरला. आमने-सामने, एकच मशीन, एकच रेकॉर्ड, सुया दोन. परीक्षक म्हणून मामा, माझी बायको सुमन, तिची बहीण कुसुमताई आणि शेजारच्या काकू. दत्तारामांची बोटं पोती उचलून उचलून केळ्याएवढी झालेली, त्यामुळे सुया बदलायचं नाजूक काम मी अंगावर घेतलं. त्यांनी एकच अट घातली.

"प्रकाशराव, परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी पाहिजे. तुमची सुई वाजताना तुमचा चेहरा असा उजळतो की बहिऱ्यालापण कळंल!"

"मग तुमच्याही डोळ्यांवर पट्टी," मी म्हणालो. "तुम्ही खोकून खुणा करता."

मामांचं एक जुनं पांढरं धोतर फाडून पट्ट्या केल्या. पाचही जण ओटीवर भिंतीला टेकून ओळीने बसले. मी कचेरीतला पांढरा शर्ट घातला होता, हातात चिमटा, आणि सुई नीट दिसावी म्हणून कपाळाला बॅटरी बांधलेली. या देखाव्याकडे रस्त्यावरून बघितलं तर काय दिसेल, हा विचार मला शिवलाही नाही. त्याच दिवशी गावातल्या शाळेत मोफत नेत्रतपासणी शिबिर होतं आणि आठवडाभर एक जीप भोंगा लावून वाड्यापाड्यांवर ते सांगत फिरत होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही आपले सुयांत!

पहिली सुई लावली. गाणं वाजलं. दुसरी लावली. तेच गाणं वाजलं.

"बोला," मी विचारलं, "पहिली बरी की दुसरी? कशात जास्त स्पष्ट?"

"पहिल्यात जरा धूसर हाय," मामा म्हणाले.

"मला उजवीकडून कायच येत नाय," काकू म्हणाल्या.

"थांबा, उजवीकडचं आत्ता दुरुस्त करतो," म्हणून मी चिमटा घेऊन वाकलो.

पुन्हा वर बघतो तर ओळीच्या शेवटी एक म्हातारबाबा येऊन बसलेले. हातात काठी, मांडीवर टोपी. मला वाटलं, गाणं ऐकून आले! माझा ऊर भरून आला. पाठोपाठ एक आजीबाई आल्या, मग त्यांची सून, मग आणखी चौघे. कुणी अंगणात, कुणी पायरीवर. आटगावात इतके रसिक आहेत हे मला माहीत नव्हतं!

"नंबर लावायचा का?" बाबांनी हळूच विचारलं.

"नंबर कशाला, बसा की सगळे. फक्त पट्टी बांधावी लागेल."

"आधीच पट्टी?"

"आधीच. त्याशिवाय फरक कळत नाही."

बाबांनी मुकाट्याने डोकं पुढे केलं. मी उरलेलं धोतर फाडलं आणि सगळ्यांचे डोळे स्वतःच्या हाताने बांधले. (इथपर्यंतच्या घटनेला साक्षीदार आहेत, हे मान्य.) पुन्हा दोन्ही सुया वाजवल्या आणि आजीबाईंना आदराने विचारलं, "आज्ये, पहिली बरी की दुसरी?"

"दोन्हीकडं कालोखच हाय रं बाबा!"

"ऐकलंत दत्ताराम?" मी आनंदाने ओरडलो. "याला म्हणतात गडद आवाज! परदेशी मासिकांत हाच शब्द असतो!"

"गडद म्हणजे माझी!" पट्टीआडून दत्ताराम म्हणाले.

"तुमची कसली? आता शेवटची फेरी घेतो. कोणी हलू नका हं! मी सुई घालतोय. धक्का लागला तर कायमची खाच पडेल!"

बाबांनी काठी घट्ट धरली.

"सुई?" बाबा म्हणाले. "कुठं?"

"कुठं म्हणजे? जिथं जाते तिथंच."

"अशीच? इंजेक्शनबिंजेक्शन नाय?"

"त्याची काय गरज? हिऱ्याची सुई आहे, हलकेच फिरेल गोल गोल!"

बाबा काठी टाकून उठले आणि डोळ्यांवरच्या पट्टीसकट पळाले! थेट वाळत घातलेल्या मिरच्यांत! "पलाऽऽ रे! सुई फिरवतोय मेला!" या आरोळीसरशी अख्खी ओळ उठली. पट्टी सोडायचं कोणालाच सुचेना. आजीबाई गोठ्यात शिरल्या आणि म्हशीच्या गळ्यात पडल्या. सून त्यांना शोधायला गेली ती कुसुमताईंना ओढत घेऊन निघाली. "अगो, मी नाय तुजी सासू!" ताई ओरडतायत आणि सून म्हणते, "चला, घरी जाऊन बोला काय ते!" दत्तारामांना वाटलं, कोणीतरी मशीन पळवतंय. त्यांनी झेप घालून समोर आलेल्या माणसाला मिठी मारली. "सोडणार नाय! मशीन माझं हाय!" तो माणूस म्हणजे मामा. आणि मी मशीनवर पालथा पडून दुसरी सुई मुठीत धरून ओरडत होतो, "हलू नका! कोणी हलू नका!"

एवढ्यात फाटकातून सरपंच आले. त्यांच्याबरोबर गळ्यात ओळखपत्र घातलेले एक डॉक्टर. शाळेत सकाळपासून रिकाम्या बाकांसमोर बसून कंटाळलेले, आणि पेशंट दुसऱ्याच कोणाच्या ओटीवर जमलेत हे कळून आलेले.

"हेच का ते?" डॉक्टरांनी सरपंचांना विचारलं आणि माझ्याकडे वळले. "आपण कधीपासून करता हे?"

"कॉलेजात असल्यापासून नाद आहे," मी नम्रपणे म्हणालो. मला वाटलं, हेही रसिक.

"नाद? आणि शिकलात कुठे?"

"शिकायचंय काय त्यात? हाताने करता करता येतं. सुरुवातीला दोन-तीन खराब झाल्या."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "खराब झाल्या? मग?"

"मग काय, फेकून दिल्या."

"सरपंच, पोलिसांना बोलवा!"

तेव्हा कुठे सुमनने पट्टी सोडली. तिने मिरच्यांतले बाबा पाहिले, म्हशीजवळच्या आजी पाहिल्या, माझ्या कपाळावरची बॅटरी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो डॉक्टर, ते कारकून आहेत! गाण्याची सुई बदलतायत!" आणि तिने डॉक्टरांच्या समोर दांडी उचलून रेकॉर्डवर ठेवली.

गाणं वाजायला लागलं. डॉक्टरांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ते ओटीच्या पायरीवर बसून असे हसायला लागले की सरपंचांना त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. बाबांचे मिरच्यांचे हात धुतले. आजींना म्हशीपासून सोडवलं. (म्हैस सोडत नव्हती.) सुमनने सगळ्यांना चहा केला, आणि चहा घेता घेता डॉक्टरच म्हणाले, "आता निकाल लागल्याशिवाय मी पेशंट नेत नाही. वाजवा दोन्ही."

मी वाजवल्या. आता सगळ्यांचे डोळे उघडे होते. मामांनी विचारलं, "दोन नंबरवाली कोणाला आवडली?" झाडून सगळ्यांचे हात वर! सर्वांत उंच हात माझा.

"माझी आहे ती!" मी नाचायचाच बाकी होतो. "ऐकलंत दत्ताराम? काय तो गोडवा! काय ती खोली! तुमच्या जर्मन खडीला जमेल का हे?"

दत्तारामांचा चेहरा उतरला. "खरं हाय," ते हळूच म्हणाले. "लय सुंदर वाजली." मला क्षणभर वाईटही वाटलं. विजेत्याला तेवढं परवडतं.

मी दांडीवरची सुई काढून अभिमानाने डॉक्टरांपुढे धरली. "बघा, डबीवर नावच आहे. जपानी."

ते बघत होते माझ्याकडे. "हात एवढा लांब का धरलात?"

"असंच. जवळ धरलं की अक्षरं पळतात."

"हं," म्हणत डॉक्टरांनी बॅगेतून तपासणीची लोखंडी फ्रेम काढली, माझ्या नाकावर चढवली आणि तिच्यात एक काच सरकवली. "आता?"

"आता जरा बरं."

दुसरी काच सरकवली. "आणि आता? पहिली बरी की दुसरी?"

दुसरी फारच बरी होती. एवढी बरी की डबीच्या कडेवरची मुंगीएवढी अक्षरं कोरल्यासारखी उभी राहिली. मी ती वाचली. परत वाचली. मग ओठ न हलवता वाचली.

"काय लिवलंय?" दत्तारामांनी विचारलं.

मी डबी मुठीत झाकली. सुमनने माझ्या हातातून डबी घेतली आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "मेड इन जर्मनी."

ओटीवर टाळ्या पडल्या. मिरच्यांतल्या बाबांनी तर शिट्टी मारली! मामांनी तिथल्या तिथे मशीन आणि पेटी दत्तारामांच्या टेम्पोत चढवायला लावली, आणि दत्तारामांनी जाता जाता मला घट्ट मिठी मारून सांगितलं, "माझ्या सुईचं एवढं कौतुक माझ्या बायकोनंपण कधी केलं नाय!"

सुमन मात्र गंभीर झाली होती. "डॉक्टर, यांच्या डोळ्यांना चष्मा दिलात ते बरं झालं. पण एकदा कानसुद्धा बघा ना."

"कानांना काही झालेलं नाही हो, वहिनी," डॉक्टर बॅग बंद करत म्हणाले. "चांगली सुई कोणती ते त्यांनी अगदी अचूक ओळखलं. बिघाड फक्त तोंडात आहे. आणि आमचं शिबिर डोळ्यांचं आहे."