खुर्चीत बसलेली मावशी

आमच्या धाकट्या मावशीने जन्मात कुणाचं सांगणं एकदाही ऐकलं नाही, आणि तेच दुसऱ्यांदा सांगायची साऱ्या कल्याणात कुणाची छाती नव्हती. भटजींनी पूजा घाईत उरकली की ती आतून बजावी, "मधलं राहिलं, पुन्हा म्हणा." ते बिचारे पुन्हा म्हणत. पुडीची सुतळी, जुन्या वहीचा पुठ्ठा, विटलेल्या खणाचा काठ, काहीही ती टाकू देत नसे. अडगळीसाठी सुद्धा ती भांडे, आणि जिंके.

त्यामुळे तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिला आगगाडीने मुंबईला तसबीर काढायला घेऊन गेले, तेव्हा जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही. तसबिरीत नवरा खुर्चीत बसतो आणि बायको शेजारी उभी राहते, असा सगळीकडचा रिवाज. मावशीला रिकामी खुर्ची दिसली आणि ती बसली. तसबीरवाल्याने हातवारे केले, तर म्हणाली, "दमून आलेल्या माणसाला कुणी उठवतं का?" काका मुलखाचे गरीब. ते उभे राहिले.

तसबीर घरी आली आणि मावशीचे सासरे झोपाळ्यावरून ताडकन उठले. "बायको खुर्चीत आणि नवरा भालदारासारखा उभा! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सून दमली होती," मावशी माजघराच्या दारातून म्हणाली.

"उद्या कात्री लावतो. मुलगा तेवढा ठेवायचा, बाकीचं चुलीत!"

मावशी गप्प बसली, तेव्हा मात्र मी घाबरलो. मी तेव्हा तिच्याकडेच मुक्कामाला होतो. दुपारी सासरे निजल्यावर तिने कणकेची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घातला, आणि पुठ्ठ्याला तसबीर पाठीमागून सबंध चिकटवली. वर बांबूच्या कामट्या, त्यांवर खणाचा काठ.

"नुसते कोपरे चिकटव, म्हणजे पुढेमागे काढता येईल," मी शहाणपण शिकवलं.

"काढता येऊ नये म्हणूनच तर चाललंय, अरे! मला फाडायचं तर त्यांचा मुलगाही फाटू दे."

संध्याकाळी चौकट ओटीवर, झोपाळ्याच्या बरोबर समोर टांगलेली होती. सासऱ्यांनी कात्री आणली, चौकट उलटीसुलटी करून पाहिली, कात्री घालायला कुठे फट सापडेना तेव्हा परत टांगली. त्यानंतर वर्षभर ते झोपाळ्यावर भिंतीकडे पाठ करून बसत.

पुढे मावशी तापात गेली. काकांसाठी दुसरी मुलगी बघणं सुरू झालं. मुलीचे वडील घर पाहायला आले, त्यांची नजर चौकटीवर गेली आणि ते हळूच म्हणाले, "ही आता आत ठेवलेली बरी."

काका खाली मान घालून बसले. सासरे मात्र झोपाळ्याची कडी धरून उठले.

"ती खुर्ची तिची आहे," ते म्हणाले. "तुमच्या मुलीसाठी आम्ही दुसरी आणू."

पाहुणे चहा न घेताच उठले. सासरे चौकटीकडे तोंड करून बसून राहिले, आणि हे ऐकायला मावशी तिथे असायला हवी होती, असं मला फार वाटलं.