टिचकी कंपनीची मोहफुलं

गडचिरोलीच्या बाजारात फारूकभाईंचं कापडाचं दुकान आहे आणि त्याच्या माडीवर 'टिचकी' नावाची कंपनी आहे. कंपनी म्हणजे काय, तर दोन खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा, फारूकभाईंची मुलगी अदीबा आणि तिची मैत्रीण रंजीता. मोबाईलवर नुसती बघायची नाही, तर बोट लावून खेळायची जाहिरात या दोघी बनवतात. बनवतात असं आपण म्हणायचं. ही गोष्ट घडली तेव्हा त्यांची एकही जाहिरात लोकांपुढे आलेली नव्हती.

अदीबा लहानपणापासून तंद्रीतली. शाळेतून आली की कापडाच्या गठ्ठ्यावर पडून गिऱ्हाइकांचे हात बघत राहायची. भाव ऐकून बाया उठायला लागल्या की फारूकभाई कापडाचं थान उलगडून म्हणायचे, "हात लावून त पाहा, बाई." हात लागला की बाई पुन्हा बसायची. कापडावरून सावकाश फिरणारी ती बोटं पोरीच्या डोक्यात घर करून राहिली. पुढे नागपूरला शिकताना मोबाईलवरच्या जाहिराती बघून तिला वाटायचं, यात हात लावण्याजोगं काहीच कसं नाही? वर्गातल्या बाकीच्या पोरींना नोकरीची स्वप्नं पडत, हिला ही असली.

फारूकभाईंना माडीवरचं प्रकरण काही पटत नव्हतं. त्यांनी मुलीशी साफ ठरवून टाकलं होतं, मार्च संपेपर्यंत एक तरी जाहिरात चालवून दाखव, नाहीतर नागपूरची नोकरी धर. नोकरीचं पत्र घरी येऊन पडलंच होतं. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

अशात धुरपताबाईंच्या बचत गटाचं काम मिळालं. रानातल्या एका गावच्या गोंड बायांचा हा गट मोहफुलांचे लाडू करतो. दोघींनी जीव ओतून जाहिरात केली. पडद्यावर पहाटेचं धुकट रान, झाडावरून टपटप पडणारी पिवळसर फुलं. बोट लावलं की फूल टोपलीत जाणार, बोट लावणाऱ्याचं नाव आणि गाव सगळ्यांच्या पडद्यावर उमटणार, टोपली भरली की लाडवांचा डबा मागवता येणार. रंजीताने रान असं काढलं होतं की त्याच्याकडे बघता बघता अदीबा जेवायचं विसरायची.

आधी जाहिरात गटातल्या बायांना पाठवली. त्या खेळतील, सोयऱ्याधायऱ्यांना पाठवतील, मग ती सगळ्यांसाठी खुली करायची, असा बेत. चाळीस जणींनी ती पाहिली. बोट एकीनेही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली, पुन्हा तेच. रंजीताने सगळं तपासलं, बिघाड कुठेच नव्हता. अदीबाचा जीव थाऱ्यावर राहिना. तिने सकाळची एसटी धरली.

धुरपताबाईंनी तिला चहा दिला, रान फार सुंदर काढलं म्हणाल्या, नातवंडांना दहादा दाखवलं म्हणाल्या. मग बोट का नाही लावलं, असं अदीबाने विचारलं तेव्हा बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"पंडुम नाई झाला न अजून," त्या म्हणाल्या. "मोबाईलमंदी असलं म्हून का झालं? फूल त फूलच आहे. तुले सांगाचंच राह्यलं, पोरी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नवं फूल, नवं फळ आधी देवाला द्यायचं, त्या दिवसाला पंडुम म्हणतात. गावचा गायता, म्हणजे पुजारी, सुकलूभाऊ पूजा करतो. तोवर गाव मोहाला हात लावत नाही. यंदाचा पंडुम कधी, तर सोमवारी. तोच सोमवार.

अदीबा गावाबाहेरच्या मोहाखाली जाऊन बसली. फुलं पडत होती, कोणी वेचत नव्हतं, आणि त्या गोड, जड वासात तिला पेंग आल्यासारखं झालं. रमजान नुकताच सरला होता. तिला इफ्तारची वेळ आठवली. खजूर हातात असायचा, अजान व्हायची असायची, आणि अब्बा एकदम गप्प होऊन खजुराकडे बघत असायचे. लहानपणी तिला ती दोन मिनिटं खजुरापेक्षा जास्त आवडायची. आपण हात लावायला लावण्याच्या नादात हे थांबणं विसरलोच, असं तिला वाटलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

परत येऊन तिने जाहिरात सगळ्यांसाठी खुली केली, पण फुलांना कुलूप घातलं. बोट लावलं की अक्षरं उमटत, 'थांबा. गावचा पंडुम सोमवारी आहे.' रंजीता चिडली. लोक दोन सेकंद थांबत नाहीत, तू त्यांना पाच दिवस थांबवायला निघालीस, म्हणाली. सोमवारी मी गावात असेन, असं अदीबाने अब्बांना सांगितलं. फारूकभाई कापड मोजत राहिले.

सोमवारी सकाळी सुकलूभाऊने पानांच्या द्रोणात पहिली फुलं देवाला वाहिली आणि मग सगळ्या गावाचे हात एकदम जमिनीकडे गेले. धुरपताबाईंनी एक फूल उचलून कपाळाला लावलं. मग अदीबाला टेकाडावर, जिथे रेंज मिळते तिथे नेलं. "खोल आता," म्हणाल्या. दहा वाजले होते. नागपुरात तिची खुर्ची रिकामी होती. अदीबाने कुलूप काढलं, आणि रसाने चिकट झालेल्या बोटाने बाईंनी पडद्यावरचं पहिलं फूल टोपलीत टाकलं.

त्यानंतर नुसती फुलं पडत राहिली. अदीबाला भीती वाटली, फार भीती वाटली. मग एक नाव उमटलं. त्याच्यामागून मूल, वडसा, जिवती अशा गावांची नावं येत राहिली, पण अदीबा त्या पहिल्या नावावरच अडकून होती. फारूक, गडचिरोली.

"हा कोन?" बाईंनी विचारलं.

"माझे अब्बा."

"सबूर केली मानसानं," धुरपताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात रंजीताचा निरोप आला. अब्बांनी आज दुकान उघडलंच नाही, सकाळपासून माडीवर तुझ्या खुर्चीत फोन धरून बसलेत.