घडी घालणारं मशीन

धाकटीच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. नवरा तर केव्हाच हात टेकून बसला होता. तो टेम्पोत गाठोडी टाकायचा, पोचवून यायचा आणि घरातल्या वादात "मला यातलं काही कळत नाही" एवढंच बोलायचा. शहाणा माणूस!

लाँड्री दोघी जावांची. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या, त्या धुवायच्या, वाळवायच्या आणि घड्या घालून परत पाठवायच्या. धुवायला, पिळायला, वाळवायला मशीन होतं. घडी मात्र माणसांनीच घालायची, तीसुद्धा दोघांनी. थोरली एका टोकाला, धाकटी दुसऱ्या टोकाला. चादर झटकायची, ताणायची, एकमेकींकडे चालत जायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, की परत मागे. दिवसभर हेच. या येरझाऱ्यांत त्यांनी सगळ्या नात्यागोत्याची उणीदुणी काढली, मुलांची शिक्षणं ठरवली, आणि थोरलीचा नवरा गेला तेव्हा रडल्याही चादर हातातून न सोडता.

मग थोरलीचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. डॉक्टर म्हणाले, हे काम बंद. परगावी राहणारा मुलगा म्हणाला, आई, आता पुरे झालं, माझ्याकडे ये. आणि थोरलीनंही एक दिवस सुस्कारा सोडून म्हटलं, "जावं म्हणते. इथे मी आता कुणाच्या कामाची?"

धाकटीचा असा काही संताप झाला म्हणता! लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी इस्त्री धरता येत नव्हती. थोरलीनं हाताला धरून शिकवलं, आणि सासूची बोलणीही स्वतःच्या अंगावर घेतली. ती बाई आता पाहुण्यासारखी मुलाच्या घरी कोपऱ्यात बसणार?

"कुठे जायचं नाही," धाकटी म्हणाली. "घडी मशीन घालेल. तुम्ही नुसती चादर आत सरकवायची."

"कुठलं मशीन गं?"

"मी करणार आहे ते."

थोरली पोट धरून हसली. हसू द्या. धाकटीनं पाहिलं होतं काय, तर दांडीवर टाकलेली चादर मधोमध लोंबते आणि आपोआप तिची अर्धी घडी होते. म्हणजे चादर फिरत्या पट्ट्यांवरून आडवी चालत येऊ दे, बरोबर मध्यावर तिला खालून एका पट्टीनं दाबू दे, आणि वर फिरणाऱ्या दोन रुळांनी ती गिळू दे. झाली घडी! पहिल्या प्रयोगात स्वयंपाकघरातली दोन्ही लाटणी गेली. लाटणी परत आली ती ग्रीस लागून, आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

लाकडी सांगाडा झाला, तो मोडला. मग लोखंडाचा करायला तिनं वेल्डरला गाठलं. त्याला सगळे 'थांबा' म्हणायचे, कारण कुठल्याही वाक्याची सुरुवात तो "थांबा, आधी मोजू" अशी करायचा. धाकटी घाईची आणि हा थांबण्यातला. दोघांची रोज खडाजंगी. पट्टे घसरायचे, रूळ चादरीला काळे डाग पाडायचे, एकदा तर दवाखान्याची चादर उभी फाटली आणि भरून द्यावी लागली. पण धाकटीनं हाय खाल्ली नाही. "आज फाटली म्हणजे उद्या फाटणार नाही," असं तिचं गणित. आणि खरंच, एक दिवस धाकटीनं चादर सरकवली आणि पलीकडून चौकोनी, नेटकी घडी बाहेर आली. मग दुसरी, मग तिसरी. थांबाच्या तोंडून मोजायचा शब्द निघेना. थोरलीनं धाकटीच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली.

बातमी पसरली. पंपांचा कारखाना चालवणारा एक मालक येऊन बघून गेला. धाकटीनं भराभर चादरी घालून दाखवल्या. गडी खूश! म्हणाला, डझनभर मशिनं काढू, हॉटेलांना देऊ, चालली तर कायमची काढत राहू. थांबानं प्रत्येक भागाचं चित्र काढून दिलं, साचे झाले, रंग ठरला. पहिला लॉट बाहेर पडला तेव्हा धाकटीची मान जरा जास्तच ताठ झाली होती. का होऊ नये?

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. मशीन चादर खातं. कडा चुरगळते, गुंता होतो, पट्टा अडतो. एकाच हॉटेलातून नाही, सगळीकडून. मालकानं निरोप पाठवला की मशिनं परत येताहेत, दुसऱ्या लॉटचं काम बंद ठेवलंय, दोष सापडला नाही तर विषय संपला.

धाकटी तणतणत हॉटेलात गेली. तिथल्या मुलींना बाजूला सारून स्वतः उभी राहिली. एकामागून एक घड्या, एकही चूक नाही. मुली बघतच राहिल्या. धाकटी सरकली, मुलीनं चादर घातली. कर्र, अडली. धाकटीनं घातली. सुरळीत. मुलीनं घातली, पुन्हा अडली.

"यांना कामच करता येत नाही," घरी येऊन तिनं तोंडाचा पट्टा सोडला. "हातात जोर नाही, लक्ष नाही. मशिनाला काय धाड भरलीय? शिकवायला पाहिजे एकेकीला."

थोरली कपडे निवडत होती. तिचे हात थांबले.

"माझ्याही हातून अडते," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"पहिल्यापासून. तू बाहेर गेलीस की मी घालून बघायची. दर वेळी गुंता. मग काढून, सोडवून, हातानं घडी घालून ठेवायची. डाव्या हातानं, टेबलावर पसरून."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? तू माझ्यासाठी एवढा जीव टाकलास. सगळं गाव कौतुक करतंय, आणि मी म्हणू की माझ्या हातून चालत नाही? म्हटलं, खांदाच गेलाय, माझाच दोष असणार." थोरलीचे डोळे भरून आले. "मुलाला मी कळवलंय. पुढच्या महिन्यात येतोय न्यायला."

धाकटीच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्या बाईसाठी हा सगळा उपद्व्याप केला, नेमकं तिच्याच हातून ते चालत नव्हतं, आणि इतके दिवस आपण हारतुरे घेत हिंडत होतो! तिनं थोरलीचा डावा हात धरला आणि तिला मशिनापाशी नेलं. जाताजाता नवऱ्याला थांबाकडे पिटाळलं.

"घाला. मी नुसती बघते."

थोरलीनं गाठोड्यातून चादर उचलली आणि सरकवली. अडली. मग धाकटीनं उचलली.

"थांबा!" दारातूनच वेल्डर ओरडला. "आत्ता काय केलंत?"

"काय केलं? घातली."

"त्याआधी. हात काय करत होते?"

धाकटीनं पुन्हा चादर उचलली आणि या वेळी स्वतःच्याच हातांकडे पाहिलं. दोन्ही हात खांद्यापर्यंत वर गेले, चादर फाड् करून झटकली गेली, कडा सुटून सपाट झाली आणि मग आत गेली. इतक्या वर्षांत हजारो चादरी झटकल्या होत्या. हे काम आहे, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मशीन करताना तिनं घडीचा सगळा विचार केला होता, झटकायचा केलाच नव्हता. ते तिचे हात गुपचूप करत होते. हॉटेलातल्या मुलींना ती सवय नव्हती, आणि थोरलीचा हात वर जात नव्हता.

"अगं बाई गं!" धाकटीनं कपाळावर हात मारला. "अर्धं मशीन माझ्या खांद्यात राहिलं की!"

थांबा हसला नाही, त्यानं सरळ टेप काढली. पुढचे काही दिवस दोघं भांडलेसुद्धा नाहीत. पट्ट्याच्या तोंडाशी एक आडवा दांडा बसवला. तो खालून वर उडी मारायचा, चादरीला हवेत उसळवायचा आणि सोडून द्यायचा. पहिल्यांदा इतका जोरात उडाला की चादर थेट थांबाच्या डोक्यावर. जोर कमी केला, पुन्हा करून पाहिलं. या वेळी धाकटीनं स्वतः मशिनाला हात लावायचा नाही असा कानाला खडा लावला होता. प्रत्येक चादर थोरलीनंच घालायची.

दोष सापडल्याचं कळल्यावर मालकानं थांबवलेलं काम पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या लॉटचं पहिलं मशीन तयार झालं तेव्हा धाकटी कारखान्यात मालकाला म्हणाली, "माझ्या हातावर विश्वास ठेवू नका. माझ्या हातून काहीही चालेल. जाऊबाईंच्या हातून चाललं, तरच मशीन बाहेर काढायचं. आणि फक्त हेच नाही, प्रत्येक."

मालकानं थोरलीकडे पाहिलं. "रोज यावं लागेल, बाई. जमेल?"

थोरलीचा मुलगा आईची बॅग घेऊन तिथेच उभा होता. गाडीची वेळ होत आली होती. थोरलीनं दुखरा हात जेमतेम कमरेपर्यंत उचलून सोबत आणलेल्या गाठोड्यातली चादर ओढली, न झटकता, चुरगळलेली तशीच आत सरकवली. दांडा उसळला, चादर फुगली, रुळांत गेली. पलीकडे घडी येऊन पडली. थोरलीनं ती डाव्या हातानं उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवली.

"ती बॅग घरी ठेवून ये रे," मुलाला ती म्हणाली. मग मालकाकडे वळली. "हं, पुढचं मशीन आणा."