अप्पांनी बेच्या पाढ्यात बसवलेलं फ्रेंच

माझ्या सासऱ्यांना फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नव्हतं.
आणि मला फ्रेंचमध्ये त्यांनीच पास केलं.

अप्पांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळी फोटोला हार घातला. पण हारातले अप्पा फारच गरीब स्वभावाचे दिसतात. म्हणून खरे अप्पा इथे लिहितेय.

लग्न होऊन कात्रजला आले तेव्हा मी खराडीच्या एका कंपनीत इंग्लिश कस्टमर सपोर्टला होते. रात्रपाळी. फ्रेंच टीममध्ये जायचं तर फ्रेंचची बी-टू पातळीची परीक्षा पास हवी. ती टीम म्हणजे दिवसाची शिफ्ट आणि माणसासारखं जगणं.

मी दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा ओरलला.
मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, या वेळी नाही झालं तर जागा दुसऱ्याला.

घोडं अडायचं एकाच ठिकाणी. कंडिशनेल पासे. म्हणजे आपलं ‘केलं असतं’, ‘गेले असते’. कागदावर सगळं यायचं. तोंड उघडलं की त-त-प-प.

एकदा दुपारी पोळ्या लाटता लाटता पुटपुटत होते आणि सारखी अडकत होते. अप्पा बाहेर पेपर वाचत होते. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर तिसरी-चौथीला शिकवून रिटायर झालेला माणूस. अडखळणं त्यांना सहनच व्हायचं नाही.

"काय चाललंय हे?"

"क्रियापदं, अप्पा. जे झालं नाही, पण झालं असतं, ते सांगायचा काळ आहे."

"त्याला क्लास लावावा लागतो? आमच्या कट्ट्यावर दुसरं काही कोणी बोलतच नाही."

खरंच होतं. सोसायटीच्या गेटपाशी सिनियर मंडळींचा कट्टा. एका काकांनी कोथरूडला प्लॉट घेतला असता. एक काका जर्मनीला गेले असते. एक तर रणजी खेळले असते, पण गुडघ्याने घात केला. रोज संध्याकाळी हेच.

"मला मराठी अक्षरात लिहून दे," अप्पा म्हणाले. "एकोणतीसचा पाढा पाठ करून घेतलाय मी पोरांकडून. हे काय मोठं लागून गेलंय!"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू.

"उभी राहा. हात मागे. छताकडे बघू नकोस, तिथे लिहिलेलं नाहीये."

आणि मग बे एके बेच्या चालीत ‘मी केलं असतं, तू केलं असतंस’,

जोरे फे.
त्यू ओरे फे.
इलोरे फे.
नूझोरियों फे.
वूझोरिये फे.
इल्झोरे फे.

अप्पांचा उच्चार ऐकून फ्रान्सने आमच्या अख्ख्या घराला व्हिसा नाकारला असता. पण लय पक्की. चुकलं की वाटीवर चमचा वाजायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

निखिल, माझा नवरा, एकदा म्हणाला, "अप्पा, झोपू दे ना तिला जरा. रात्रभर जागलीये."

"म्हणूनच घेतोय. तिने काय जन्मभर जागायचं?"

त्या दिवशी अप्पा मला एकदम आवडून गेले. तोवर फक्त भीती होती.

क्रियापदं पाठ झाल्यावर त्यांनी मला कट्ट्यावर नेलं. ऑफिसची कॅब गेटवर येईपर्यंत काकांची दुःखं ऐकायची आणि तिथल्या तिथे फ्रेंचमध्ये मोठ्याने म्हणायची. काका मंडळी खूश. आपला प्लॉट फ्रेंचमध्ये गेलेला बघून ते काका तर जवळजवळ सावरलेच.

मग परीक्षा.

समोर दोन परीक्षक. विषय निघाला, ‘हुकलेली संधी’.

पहिलं वाक्य अडकलं. दुसरंही. तिसऱ्यांदा जाणार बहुतेक, असं वाटलं.

आणि मी उभी राहिले. हात मागे. माझं मलाच कळलं नाही कधी.

परीक्षकबाई गडबडल्या. बसा, बसा म्हणाल्या.

मी फ्रेंचमध्ये म्हटलं, "माफ करा मॅडम, मला हे उभं राहूनच येतं."

दोघे एकमेकांकडे बघून हसले. "मग उभ्या राहा."

आणि सुटले की मी! प्लॉट, जर्मनी, रणजी, गुडघा. अख्खा कट्टा फ्रेंचमध्ये. कोथरूडच्या प्लॉटला परीक्षक सर इतके हसले की त्यांच्याही घरात कोणीतरी असा प्लॉट सोडला असणार.

निकालाच्या दिवशी डेक्कनवरून फोन केला. "अप्पा, पास!"

"ओरलला?"

"ओरललाच सगळ्यात जास्त!"

"बरं." फोन कट. मला वाटलं, बास? एवढंच?

रिक्षातून गेटपाशी उतरले तर समोर कट्टा रांगेत उभा. सगळ्यांचे हात मागे. रणजीवाल्या काकांनी सूर लावला आणि ती सगळी पिकलेली डोकी एका आवाजात,

जोरे फे! त्यू ओरे फे! इलोरे फे!

वॉचमनला कळेना, सलाम ठोकायचा की पोलीस बोलवायचे. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडत होत्या. मी रस्त्यातच हसत होते आणि रडत होते.

अप्पा रांगेत नव्हते. मागे बाकावर बसून चष्मा पुसत होते. मी वाकून नमस्कार केला.

"रिटायर झाल्यावर एकच विद्यार्थिनी घेतली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक बसली, एक पास. शाळेचा निकाल शंभर टक्के."

मग पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"माझी पोरगी आहे ती," म्हणाले.

सून नाही म्हणाले.

अप्पा, तुमची पोरगी आता त्याच फ्रेंच टीमची लीड आहे. रात्री घरी असते, शांत झोपते.

तुमची फार आठवण येते. नमस्कार करते.