शालूताईंच्या उजव्या हाताला

लोकांना नापास करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ब्रिस्टलमध्ये मी ड्रायव्हिंग टेस्ट घेतो. टेस्टच्या वेळी फोन लॉकरमध्ये असतो, त्यामुळे त्या सकाळी माझी बायको सुनंदा फोन करत राहिली आणि मी एका घामाघूम झालेल्या मुलीशेजारी बसून ती राउंडअबाउटला कुठल्या लेनमध्ये शिरते ते बघत होतो. मुलगी पास झाली, आनंदाने रडली. आत येऊन मी लॉकर उघडला आणि सुनंदाला फोन लावला. "ताई गेली रे," एवढंच ती म्हणाली... शालूताई, सुनंदाची थोरली बहीण, माझी मेहुणी. दुखणं वर्षभराचं होतं आणि हॉस्पिसमध्ये हलवल्यापासून आम्ही या फोनचीच वाट बघत होतो म्हटलं तरी चालेल. तरीही मी लॉकरचं दार धरून उभाच राहिलो. पुढच्या टेस्टला दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं लागलं.

शालूताईंनी नोकरीभर विमानांचे पार्ट तपासले. पार्ट जरा चुकला की त्यावर लाल चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. म्हणजे घरात नापास करणारे आम्ही दोघं. "प्रमोदराव, आपलं नशीब बघा," त्या म्हणायच्या, "अख्ख्या ब्रिस्टलच्या शिव्या आपल्या दोघांच्या नावावर." यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. पन्नाशीत त्यांनी धनुष्यबाण हातात घेतला आणि मलाही मागोमाग ओढलं. या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, म्हणून आमचा क्लब रानात फोमची जनावरं मांडतो. हरीण, कोल्हा, रानडुक्कर. अंतर कोणी सांगत नाही. जमिनीत ठोकलेल्या खुंटीपाशी उभं राहायचं, शिकाऱ्यासारखं जनावर नजरेने तोलायचं आणि बाण सोडायचा. धनुष्यही जुन्या धाटणीचं, नेम धरायला त्यावर साधी खूणसुद्धा नसते. जनावरावर दोन रेघा असतात, आतली वर्माची, बाहेरची जखमेची. जखमेलाही गुण मिळतात, पण शालूताई ते घेत नसत. "जखमी करून सोडलं म्हणजे चुकलंच. अर्धा बरोबर पार्ट विमानाला बसवतात का?" एकदा लेस्टरला एका लग्नात कोणीतरी खवचटपणे विचारलं की ताई, तुम्ही पंचशील घेता आणि जनावरांवर बाण मारता? त्या म्हणाल्या, "फोमला जीव नसतो हो. तुमच्या ताटातल्या कोंबडीला होता." तो गृहस्थ नंतर आमच्या टेबलाकडे फिरकला नाही.

त्यांचं जुनं धनुष्य इंग्रजी पद्धतीचं, लाकडी, त्यांच्याहून उंच. एका रविवारी त्याच्या वरच्या अंगाला त्यांना केसाएवढी चीर दिसली. आम्हाला कोणालाच दिसेना, पण त्यांनी त्या दिवसापासून त्याला दोरी चढवली नाही. नवं घेतलं ते आखूड, घोडेस्वार वापरायचे तसलं, टोकांना वळलेलं. यात बाण टेकवायला खाच नसते, तो सरळ मुठीवर बसतो, त्यामुळे मूठ वळली की बाण वळला. शिवाय ते चपळ. जुन्याच्या सवयीने नेम धरला की बाण डुकराच्या पाठीवरून पार पलीकडच्या नेच्यांत. ती उंची त्यांनी बघता बघता बसवली. पण बाण डावीकडे जायला लागले. थोडेसेच, वर्म सोडून जखमेत. आमच्या खेळात याचं उत्तर नवशिक्यालाही पाठ असतं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो तेव्हा बाणाची काडी जास्त कडक असते. मग कीथ, आमच्या क्लबातला म्हातारा गुरू, मऊ काड्यांचे बाण घेऊन आला. टोकं जड केली. दोरीला पीळ दिला, मग काढला. मुठीवर चामडं गुंडाळलं. दर रविवारी काहीतरी नवं आणि दर रविवारी बाण डावीकडेच. "अजून हाताला बसलं नाही," असं म्हणून त्या स्वतःवरच चिडायच्या. उजवीकडे ठेवलेला चहा सांडायच्या, उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायच्या आणि म्हणायच्या की लक्षच नाही माझं, डोक्यात ते मेलं धनुष्य आहे...

शेवटी चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने डोळे तपासले आणि त्याच दुपारी त्यांना हॉस्पिटलला पाठवलं. डोळे ठणठणीत होते. मेंदूत गाठ होती, आणि तिच्यामुळे दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं जग दिसेनासं होत चाललं होतं. डॉक्टरांनी समजावलं की अशा वेळी माणसाला अंधार वगैरे दिसत नाही, जेवढं दिसतंय तेवढंच जग आहे असं वाटतं. म्हणजे ताई जनावराच्या दिसणाऱ्या डाव्या भागालाच अख्खं जनावर समजून नेम धरत होत्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं आमचं झालं होतं. घरी आल्यावर ते मऊ काड्यांचे बाण कोपऱ्यात दिसले आणि मला त्यांचा असा राग आला, की सुनंदाने ते उचलून गॅरेजमध्ये नेले.

गाडीचं लायसन्स शालूताईंनी आपणहून परत पाठवलं. "म्हटलं, तुम्ही नापास करायच्या आधीच." पण धनुष्याला लायसन्स नसतं. रानात कोणाला बाण मारू द्यायचा आणि कोणाला नाही, हे ठरवायचं काम क्लबने माझ्या गळ्यात घातलेलं. रेडिएशन संपलं, अंगात थोडी ताकद आली, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "येऊ का रविवारी?" मी "बघू" म्हटलं. त्यावरून घरी सुनंदाने मला धारेवर धरलं. "तिची गाडी गेली, केस गेले, वाचणं गेलं. रान तरी राहू दे, प्रमोद. तू नाही म्हणालास तर ती या वर्षीच मरेल."

"आणि त्यांचा बाण कोणाला लागला तर?"

त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. सकाळी, बाकीचे यायच्या आधी, फक्त आम्ही तिघं. कीथने रानडुक्कर मांडलं आणि तो खालच्या वाटेने निघून गेला, निदान आम्हाला तसं वाटलं. शालूताईंनी आजारपणात घरच्या घरी एक युक्ती बसवली होती. चेहरा नेहमीपेक्षा उजवीकडे वळवायचा, म्हणजे अख्खं जनावर दिसणाऱ्या बाजूला येतं. पहिला बाण वर्मी. दुसरा वर्मी. मला हसू फुटायला लागलं होतं. तिसऱ्यासाठी त्यांनी दोरी पुरती ओढली, आणि उजवीकडच्या झाडीतून कीथ बाहेर आला. भडक नारिंगी जॅकेट, हात वर केलेला. ज्याला दिसतं तो माणूस अशा वेळी धनुष्य खाली घेतो, आपण दिसलोच आहोत हे कीथने गृहीत धरलं आणि तो डुकराच्या दिशेने चालत राहिला. ताईंची दोरी ताणलेलीच. मी ओरडणारच होतो. पण दचकलेल्या माणसाची आधी बोटं सुटतात. ओरडावं तर बाण सुटणार, गप्प राहावं तर कीथ आणखी एक पाऊल टाकणार... टेस्टमध्ये घाबरलेल्या पोरांना ब्रेक दाबायला सांगतो त्या आवाजात मी म्हटलं, "ताई, खाली घ्या." काहीच झालं नाही. मग दोरी हळूहळू पुढे गेली आणि बाणाचं टोक जमिनीकडे वळलं.

"काय झालं?"

"कीथ आहे."

"कुठे?"

तो आमच्या समोर उभा होता, हात अजून वरच. त्यांनी मान वळवली, आणखी वळवली, तेव्हा त्यांना तो दिसला.

त्या तिथल्याच एका ओंडक्यावर बसल्या. "सांगा, प्रमोदराव. रोज सांगता ना लोकांना?" मराठीत मला ते म्हणता येईना. ऑफिसातलं ठरलेलं वाक्य तोंडात आलं, "आय ॲम सॉरी टू से..." आणि तिथेच मला रडू फुटलं. त्या मात्र रडल्या नाहीत. "अहो, रिजेक्ट केलं की कारण लिहायचं असतं. आणि दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्ती. आहे का होण्यासारखं?" मी तेच कीथला इंग्रजीत सांगितलं. उत्तर दिलं ते कीथने. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी तो ताईंच्या शेजारी ओंडक्यावर टेकला आणि म्हणाला की यांच्या उजव्या हाताला एक माणूस उभा राहिला, तर मला काही अडचण नाही.

तो माणूस मी झालो. प्रत्येक खुंटीवर मी त्यांच्या उजवीकडे उभा राहायचो, रान नीट बघायचो आणि म्हणायचो, "मोकळं." त्याआधी त्या बाणाला हातही लावत नसत. ऐकून ऐकून तो मराठी शब्द कीथलासुद्धा पाठ झाला. लांबच्या खुंट्या त्यांनी स्वतःच सोडून दिल्या. "जिथून खात्री नाही, तिथून मारायचा हक्क नाही." जवळच्या खुंट्यांवर मात्र ते नवं धनुष्य अखेर त्यांच्या हाताला बसलं. पानगळ होईपर्यंत आम्ही असे हिंडलो आणि इतक्या वर्षांत बोललो नव्हतो तेवढं बोललो. सासूबाईंबद्दल, मरणाबद्दल, सुनंदाच्या आमटीबद्दल. शेवटच्या रविवारी मी "मोकळं" म्हटलं. त्यांनी धनुष्य उचललं, दोरी निम्मी आली आणि थांबली. त्यांनी ती सावकाश परत नेली. "बास झालं, प्रमोदराव. आता जखमच होईल."

शालूताईंच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला कीथ लेस्टरच्या विहारात आला होता. सूट घालून, गुडघ्यांची तक्रार न करता आमच्याबरोबर जमिनीवर बसला. त्यानंतर बरेच आठवडे मी रानाकडे गेलो नाही. शालूताईंची आठवण येते हे म्हणायला मला कसली लाज नाही. फार येते, आणि तिथे जास्त येईल याची भीती वाटत होती. गेल्या रविवारी सुनंदाने मला जवळजवळ ढकलूनच घराबाहेर काढलं. कीथ आणि मी, दोघंच. पहिल्या खुंटीवर त्याचा नंबर होता. तो उभा राहिला, समोर कोल्हा होता, वारा नव्हता, पण तो बाणाला हात लावेना. मला वाटलं, म्हाताऱ्याचा खांदा धरला असेल. मी मागून विचारलं, "यू ऑल राइट, कीथ?" धनुष्य खाली धरून तो तसाच उभा राहिला, उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून... मी पुढे जाऊन त्या जागेत उभा राहिलो आणि झाडी नीट बघून घेतली.

"मोकळं," मी म्हटलं, आणि मग त्याने भात्यातून बाण काढला.